यंदाची दिवाळी खुर्चीवरून

दिवाळी हा घरातल्या प्रत्येकाला वाकवणारा सण आहे. रांगोळी काढायची तर उकिडवे बसावे लागते. करंज्यांना मुरड घालायची तर दोन-दोन तास मांडी मोडता येत नाही. पहाटेचे तेल-उटणे पाटावर, भाऊबीजेचे ओवाळणे पाटावर आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडता पडता गुडघ्यांचा व कमरेचा वर्षभराचा हिशेब चुकता होतो. अशा या सणाला घरातल्या आजींचे नाही तर आजोबांचे सांधा बदलण्याचे ऑपरेशन होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असावेत, हा योग आता मुळीच दुर्मिळ राहिलेला नाही. एकेकाळी ‘वय झाले, गुडघे जायचेच’ असे म्हणून माणसे काठी हाती घेत आणि गप्प बसत. आज मध्यमवर्गातले पुष्कळ वृद्ध धीर करून ऑपरेशन करून घेतात, आणि पुन्हा देवळापर्यंत, बाजारापर्यंत स्वतःच्या पायांनी जातात.

मात्र इस्पितळातून घरी येणे आणि देवळापर्यंत पायी जाणे यांच्या मध्ये पाच-सहा आठवड्यांचा एक अवघड काळ असतो. त्या काळात इस्पितळातल्या नर्सबाई जवळ नसतात. असतात ती घरची माणसे. त्यांच्याजवळ माया भरपूर असते, माहिती थोडी असते, आणि सल्ला देणारे शेजारीपाजारी तर मोजता येत नाहीत. म्हणून या दिवाळीला आपल्या सदरात या पाच-सहा आठवड्यांविषयीच बोलू.

आत नेमके काय केले आहे?

‘गुडघा बदलला’ असे आपण म्हणतो, पण म्हणून सबंध गुडघा कापून तिथे यंत्र बसवलेले नसते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक झिजून खडबडीत झालेले असते. तेवढा थर तासून त्यावर धातूचे टोपण बसवतात, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलीन नावाच्या टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. दाताला टोपी बसवावी, त्याच जातीचे हे काम. खुब्यामध्ये मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि तो जिच्यात फिरतो ती वाटी, अशी दोन्ही नवी बसवतात. खुब्याचे हाड पडून मोडले असेल तर पुष्कळदा नुसता गोळाच बदलतात.

ही कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या ग्लुक नावाच्या शल्यवैद्याने १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. ते टिकले नाहीत. खरे यश आले ते इंग्लंडात, लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन इस्पितळात. तिथल्या जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या दोन-तीन वर्षांतच झिजल्या आणि पुन्हा काढाव्या लागल्या. हा गृहस्थ खचला नाही. नव्या पदार्थाने शरीराला काय होते ते पाहण्यासाठी त्याने तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात पोलादी गोळा व पॉलिएथिलीनची वाटी असा खुबा माणसाला बसवला. आजचे खुबे त्याच घराण्यातले आहेत. गुडघ्याचा पहिला यशस्वी प्रयत्नही त्याच इस्पितळात, १९६८ साली, फ्रँक गन्स्टन यांनी केला. आपल्याकडे या ऑपरेशनाची भीती कमी होण्यास एक मोठे निमित्त घडले. अटलबिहारी वाजपेयी यांनी पंतप्रधानपदावर असतानाच मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात ऑक्टोबर २००० मध्ये एक आणि जून २००१ मध्ये दुसरा असे दोन्ही गुडघे बदलून घेतले. न्यूयॉर्कहून आलेले मूळचे भारतीय शल्यवैद्य डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती ऑपरेशने केली. पंतप्रधानांना चालते तर आपल्याला काय हरकत, असे तेव्हा घरोघरी बोलले गेले.

पण एक गोष्ट ध्यानात धरावी. डॉक्टर सांधा बसवून देतात. तो चालता करण्याचे काम रोग्याचे आणि घरच्यांचे.

यंदाची आवराआवर जरा निराळी

दिवाळीपूर्वी आपण माळे झाडतो, भांडी घासतो. यंदा त्यात एक काम आधी करावे. बिछान्यापासून संडासापर्यंतची वाट एकदा स्वतः चालून पाहावी. वॉकर जाईल इतकी ती रुंद आहे का, ते बघावे. या पहिल्या आठवड्यांत पडण्यासारखा शत्रू नाही. वाटेतले पायपुसणे, सतरंजीचे दुमडलेले टोक, टीपॉय, नातवाची तीनचाकी, हे सारे उचलून ठेवावे. रोषणाईच्या माळांच्या वायरी जमिनीवरून न नेता भिंतीच्या कडेने वर घ्याव्यात. रांगोळीची पूड गुळगुळीत फरशीवर सांडली की तिच्यावरून पाय सरकतो, तेव्हा आजींच्या वाटेवर रांगोळी नको. मोरीत आणि न्हाणीघरात पाणी साचू देऊ नये, रबरी चटई टाकावी. रात्री उठावे लागते, म्हणून वाटेवर एक मिणमिणता दिवा रात्रभर ठेवावा.

संडास भारतीय बैठकीचा असेल तर सरळ सांगायचे म्हणजे त्यावर बसणे या काळात शक्यच नाही. चाकाची अथवा साधी कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. पाश्चात्य पद्धतीचे भांडे असले तरी ते बरेचदा ठेंगणे असते. त्यावर चार-सहा इंच उंचीची बैठक बसवून घ्यावी. बाजूच्या भिंतीत पक्का दांडा ठोकून घ्यावा. टॉवेल अडकवण्याच्या दांडीला धरून उठण्याचा मोह अनेकांना होतो. ती दांडी टॉवेलाचे वजन पेलते, आजींचे नव्हे.

बसायला हातांची, पाठीची, टणक बैठकीची उंच खुर्ची हवी. खोल सोफ्यात बसलेला माणूस उठताना पुढे फार वाकतो आणि सगळा भार नव्या सांध्यावर टाकतो. पायांत मागे पट्टा असलेली, खाली रबर असलेली पादत्राणे असावीत, सपाता नकोत. साडीच्या निऱ्या आणि धोतराचा सोगा वॉकरच्या पायात अडकतो, तेव्हा दीड महिना गाऊन किंवा लेंगा पत्करावा. सणाला लुगडे नाही म्हणून कोणी नावे ठेवणार नाही.

मायेची उशी

आता मायेबद्दल थोडे. घरी आल्यावर पहिल्या रात्री पाय ठणकतो. सूनबाई मऊ उशी आणून गुडघ्याखाली देते, आजींना आराम पडतो, त्या म्हणतात, ‘‘अगं, आता कसं बरं वाटतंय! राहू दे ती तिथेच.’’ आणि उशी तिथेच राहते, चार दिवस, आठ दिवस. हीच ती चूक. उशीमुळे गुडघा किंचित वाकलेला राहतो. आतली जखम भरताना त्याच स्थितीत आखडते आणि पुढे पाय पूर्ण सरळच होत नाही. सरळ न होणाऱ्या पायाने माणूस जन्मभर लंगडतो. उशी द्यायची ती टाचेखाली, पोटरीच्या खालच्या भागाखाली. गुडघा वर मोकळा आणि सरळ. सुरुवातीला ओढ बसते. ती बसावी म्हणूनच हे करायचे.

व्यायामाचेही तसेच. कोपऱ्यापर्यंत चालवताना आजी कळवळल्या की मुलगा म्हणतो, ‘‘राहू दे आई, उद्या बघू.’’ उद्याचा परवा होतो. गुडघ्याच्या आत पहिल्या काही आठवड्यांत नवे तंतू तयार होत असतात. तोवर गुडघा हलता ठेवला तर तो वाकायला शिकतो. न हलवला तर ते तंतू त्याला जखडून टाकतात. मग काही रोग्यांना पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो. साधारणतः दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गुडघा काटकोनात वाकावा आणि पूर्ण सरळ व्हावा, अशी अपेक्षा असते.

व्यायाम अवघड नसतात. घोटा वर-खाली करणे. पाय पसरून गुडघ्याचा मागचा भाग गादीवर दाबणे, पाच आकडे मोजून सोडणे. टाच गादीवरून कुल्ल्याकडे सरकवत गुडघा वाकवणे. गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलणे. किती वेळा आणि केव्हा, ते फिजिओथेरपिस्टने सांगितलेले असते. तो कागद भिंतीवर लावून ठेवावा. वेदनेची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर व्यायाम नीट होतो. ‘गोळ्यांची सवय लागेल’ या भीतीने सुरुवातीलाच त्या टाळून कण्हत पडून राहण्यात शहाणपण नाही. त्याने पाय हलत नाही आणि सारेच बिघडते. व्यायामानंतर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. बर्फ कातडीला उघडा लावू नये, आणि ताज्या ऑपरेशनवर गरम पाण्याची पिशवी मुळीच नको. व्यायामाच्या वेळी ओढ बसणारच. पण दुसऱ्या दिवशी सूज आणि ठणका दोन्ही वाढलेले दिसले तर आदल्या दिवशी अति झाले असे समजून थोडे कमी करावे.

याच्या उलट स्वभावाची माणसेही असतात. दहाव्या दिवशी बरे वाटले की आजी वॉकर बाजूला ठेवतात आणि ‘‘चिवड्याला फोडणी मीच घालते, तुमची जळते’’ म्हणून ओट्याशी तासभर उभ्या राहतात. संध्याकाळी पाय भोपळ्याएवढा होतो. थोडे थोडे, पण वारंवार, हा या काळाचा नियम आहे. पाऊण तासाहून अधिक एका जागी बसू नये, अर्ध्या तासाहून अधिक उभे राहू नये. दुपारी पाय हृदयाच्या पातळीहून वर येईल असा उंच ठेवून पडावे.

वॉकर, खुर्ची आणि जिना

हात सैल सोडले असता मनगटाच्या पातळीला येईल इतकी वॉकरची मूठ उंच असावी. फार खाली असेल तर कंबर वाकते, फार वर असेल तर खांदे दुखतात. त्याच्या पायांची रबरी बुचे झिजली तर बदलावीत. चालण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशन झालेला पाय, मग चांगला पाय. वळताना ऑपरेशनच्या पायावर गर्रकन फिरू नये; लहान लहान पावले टाकत वळावे. हातात चहाचा कप घेऊन वॉकर चालवता येत नाही, तेव्हा वॉकरला पुढून एक पिशवी बांधावी, चष्मा, फोन, गोळ्या तिच्यात राहतात. पुढे काठीवर आल्यावर काठी ऑपरेशनच्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरायची. पुष्कळांना हे उलटे वाटते, पण भार खरा तसाच हलका होतो.

खुर्चीवर बसताना मागे मागे येऊन दोन्ही पायांना खुर्ची लागू द्यावी, ऑपरेशनचा पाय जरा पुढे घ्यावा, खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकावे आणि मग सावकाश बसावे. उठताना हीच रीत उलटी. वॉकरला धरून स्वतःला ओढून उठू नये, तो उलटतो. सकाळी बिछान्यातून एकदम उभे राहू नये. काठावर दोन-तीन मिनिटे बसावे; ऑपरेशननंतर रक्तदाब उतरून घेरी येण्याचा संभव असतो.

लिफ्ट नसलेल्या चाळीत अथवा जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी एक सूत्र पाठच करून टाकावे: वर चढताना चांगला पाय आधी, खाली उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका हाताने कठडा धरावा. सोबतीच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला असावे. चढताना मागे, उतरताना पुढे.

जखमेला हवा कोरडेपणा

टाके अथवा पिना साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर आणि त्यानंतरही डॉक्टर सांगेपर्यंत जखम कोरडी हवी. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान त्या दिवसांत आले तर काय करावे? डोक्याला तेलाचे बोट लावावे, हातापाठीला उटणे लावावे, अंग ओल्या पंचाने पुसावे. सण पुरा झाला. टाके निघून डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी दिली असेल तर प्लॅस्टिकच्या उंच, न सरकणाऱ्या खुर्चीवर बसून आंघोळ करावी, पाटावर नव्हे. जखमेवर तेल, उटणे, साय, हळद, कुठलेही मलम आपल्या मनाने लावू नये. तळपायांना तर तेल नकोच. तेलकट पाय आणि ओली फरशी यांची गाठ पडली की काय होते ते सांगायला नको. तलावात, टाकीत, नदीच्या घाटावर पाय बुडवून बसणे काही आठवडे वर्ज्य.

जंतूंबद्दल इतका कडकपणा का? शरीराच्या स्वतःच्या हाडामांसात रक्त फिरते आणि रक्ताबरोबर औषध पोचते. धातूमध्ये रक्त नाही. एकदा जंतू त्यावर थर करून बसले की औषधाला ते सहजी दाद देत नाहीत, आणि मग कधी कधी बसवलेला सांधाच काढून पुन्हा सारे करण्याची वेळ येते. चार्नली यांनी या कारणासाठी ऑपरेशनच्या खोलीत गाळलेल्या शुद्ध हवेची निराळी व्यवस्थाच उभी केली होती. आपल्याला तेवढे करायचे नाही. ड्रेसिंगला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे, आणि ते उगाच उघडून बघायचे नाही, इतकेच. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणाला सर्दी-ताप असेल तर त्याने फोनवरच शुभेच्छा द्याव्यात.

जंतू जखमेतूनच येतात असे नाही. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या भेगांतला पू यांतूनही ते रक्तात शिरून सांध्यापर्यंत पोचू शकतात. असे काही झाले तर अंगावर काढू नये. दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर सांधा बदललेला आहे हे त्यांना आधी सांगावे. मधुमेही माणसाची साखर वाढली की जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू, मिश्री, विडी यांनीही जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. सोडायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

पोटरी रगडू नका

आपल्याकडे दुखऱ्या पायाला तेल लावून रगडणे ही सेवेची पहिली पायरी मानली जाते. गावाहून आलेली नणंद संध्याकाळी आजींच्या पायाशी बसते आणि मायेने पोटऱ्या चेपू लागते. या काळात हे कटाक्षाने टाळावे. ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त गोठून गाठ होण्याचा धोका असतो. ती गाठ सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशी गाठ पोटरीत आहे की नाही हे बाहेरून हाताला कळत नाही, आणि रगडण्याने ती हलू शकते.

हा धोका टाळण्यासाठीच डॉक्टर रक्त पातळ राखण्याचे औषध देतात. कोणाला ऍस्पिरिन, कोणाला दुसरी गोळी, कोणाला पोटात टोचायचे इंजेक्शन. ते किती दिवस घ्यायचे हे रोग्याप्रमाणे बदलते. खुब्याला बहुधा गुडघ्याहून अधिक दिवस. बरे वाटते म्हणून ते मध्येच बंद करू नये, आणि एक वेळ चुकली म्हणून दुसऱ्या वेळेला दुप्पट घेऊ नये, विचारून घ्यावे. त्याच्या जोडीला औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली दुसरी वेदनाशामक गोळी घेणे धोक्याचे. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कोणी सुचवलेला काढा अथवा चूर्ण असेल तर तेही आधी डॉक्टरांना दाखवावे. बाकी उपाय फुकटचे आहेत: जागेपणी दर तासाला घोटे दहा-वीस वेळा वर-खाली करणे, थोडे चालणे, पाणी भरपूर पिणे.

खुबा बदललेल्यांसाठी

गुडघ्याची भीती आखडण्याची, तर खुब्याची भीती निखळण्याची. पाठीमागच्या बाजूने ऑपरेशन झाले असेल तर सामान्यपणे तीन गोष्टी वर्ज्य सांगतात: कमरेत काटकोनाहून अधिक वाकणे, पायावर पाय टाकणे, आणि ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवणे. जमिनीवर पडलेली वस्तू वाकून उचलणे, बसल्या बसल्या मोजे घालणे, बुटक्या स्टुलावर अथवा पाटावर बसणे, मांडी घालणे, हे सारे त्यात आले. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवावी. वस्तू उचलायला लांब चिमटा, पायताण घालायला लांब दांड्याचा चमचा मिळतो, तो जरूर आणावा. हे नियम बहुधा सहा ते बारा आठवडे पाळायचे असतात. मात्र हल्ली काही डॉक्टर पुढच्या बाजूने ऑपरेशन करतात, त्यांचे नियम निराळे असतात. काही डॉक्टरांनी जुने नियम सैलही केले आहेत. तेव्हा शेजारच्या काकूंना काय सांगितले होते यावर जाऊ नये. आपल्या डॉक्टरांकडून आपले नियम लिहून घ्यावेत.

भाऊबीजेला भाऊ खुर्चीवर, बहीण खुर्चीवर, ताट मधल्या टेबलावर. ओवाळणी कमी पडत नाही. आशीर्वाद घेणाऱ्यांनी वाकावे. देणाऱ्याने बसल्या जागेवरून हात वर केला की पुरे.

फराळाचे ताट

ऑपरेशननंतर हाडामांसाची भरपाई होण्यासाठी प्रथिने हवीत आणि नेमकी याच वेळी भूक मंदावते. वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, दूध, पनीर, चालत असेल त्या घरी अंडे आणि मासे, हे दिवसातून थोडे थोडे द्यावे. काही वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि त्याचा त्रास कधी कधी गुडघ्याहून अधिक वाटतो. भाकरी, पालेभाजी, पपई, ताक आणि पाणी यांनी पुष्कळ काम भागते. न भागल्यास संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाचे अथवा हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी पाण्याचे आणि प्रथिनांचे प्रमाण विचारून घ्यावे. फराळाला बंदी नाही. एक लाडू, मूठभर चिवडा याने सण होतो. डबा मात्र बिछान्याच्या उशाशी ठेवू नये.

मनाचे काय?

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक गोष्ट हमखास घडते आणि तिच्याविषयी कोणी आधी सांगत नाही. भेटणाऱ्यांची वर्दळ ओसरते, रात्री झोप नीट लागत नाही, पाय अजून सुजलेला आणि गरम असतो. एखाद्या संध्याकाळी आजींच्या डोळ्यांत पाणी येते. ‘‘उगीच केलं रे ऑपरेशन. होते तेच बरे होते.’’ नेमक्या त्याच वेळी कोणी पाहुण्या सांगतात, ‘‘आमच्या वन्सं तर पंधराव्या दिवशी बाजारात गेल्या होत्या!’’ अशा वेळी घरच्यांनी सांगावे की ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते. सूज आणि उष्णता काही महिने राहू शकते. सहा आठवड्यांच्या सुमारास बहुतेक जण वॉकर सोडून काठीवर येतात, तीन महिन्यांत रोजची बरीचशी कामे करू लागतात आणि सुधारणा वर्षभर होत राहते. मोटार चालवणे साधारण सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून. स्कूटरची घाई तर नकोच. वन्संचा गुडघा वन्संचा, आपला आपला. उदासपणा आठवडेच्या आठवडे राहिला तर मात्र तोही डॉक्टरांना सांगण्यासारखा आजारच समजावा.

आणि घरातल्या त्या बाईचे काय, जी पहाटे बर्फ काढते, दुपारी गोळ्या देते, संध्याकाळी वॉकरमागे चालते आणि मधल्या वेळेत चकल्या तळते? तिलाही या सणात एक दुपार झोप मिळाली पाहिजे. रात्रीची उठबस मुलाने घ्यावी, व्यायामाच्या वेळी आकडे मोजण्याचे काम नातवाकडे द्यावे. त्याला ते आवडते आणि आजी नातवासमोर कुरकुर करत नाहीत. यंदा चकली विकत आणली म्हणून लक्ष्मी रुसत नाही.

केव्हा थांबायचे नाही

सणासुदीला डॉक्टरांना कशाला त्रास, या भिडेपायी माणसे दोन दिवस वाट पाहतात. पुढील गोष्टींत वाट पाहायची नाही. ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढून राहिला, थंडी वाजली, जखमेतून पू अथवा पाणी येऊ लागले, लाली पसरत चालली, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागले, एकाच पोटरीत नवे दुखणे, घट्टपणा, किंवा रात्रभर पाय उंच ठेवूनही न उतरणारी सूज आली, शौचाला काळे झाले अथवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, किंवा खुब्यात कळ येऊन पाय आखूड व वाकडा दिसू लागला, तर फोनवर सल्ले न घेता रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात तिचा क्रमांक १०८. निखळलेला खुबा घरी बसवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दिवाळीत आपले डॉक्टर गावाला जाणार असतील तर त्यांच्या जागी कोण, हे वसुबारसेपूर्वीच विचारून तो क्रमांक वॉकरच्या पिशवीत आणि फोनजवळ, दोन्हीकडे लिहून ठेवावा.

एवढे पाळले तर पुढची दिवाळी वेगळी असेल. मांडी घालून जमिनीवर बसणे कदाचित तेव्हाही डॉक्टर मना करतील. ओट्याशी उभे राहून करंज्यांना मुरड घालायला मात्र कोणाची हरकत असणार नाही.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ही दिवाळी आरोग्याची जावो.